दार लोटून घे

धुकं इतकं होतं की समोरच्या पोस्टाचा फक्त दिवा दिसत होता, पोस्ट नव्हतंच. अशा हवेत लोकर जड होते, रेशीम फिसकटतं आणि रफूकाकांची बोटं पहिला अर्धा तास त्यांचं ऐकत नाहीत. म्हणून दुकान उघडलं की ते आधी चहाच्या पेल्याभोवती हात गुंडाळून बसत, मग चष्मा पुसत, आणि मग खिशातून सुयांची गादी काढून डाव्या हाताशी ठेवत.

दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा. एक माणूस बसेल, एक स्टूल मावेल, आणि उंच माणूस आला तर त्याचं डोकं वरच्या पायरीला लागेल. स्टुलावर बसणाऱ्यांना काका आधीच सांगत, उठताना वाकून उठा. तरी दिवसातून एखाद्याचं कपाळ शेकायचंच.

गादी तळहाताएवढी, भुसा भरलेली. तिच्यावर बारा सुया, आणि प्रत्येक सुईत रेशमाचा बारीक फास ओवलेला. रफूचं काम असंच चालतं. कोटाला भोक पडलं तर दुकानातला धागा कितीही रंग जुळवून आणा, उन्हात गेलं की चहाडी करतोच. त्या कोटाचाच धागा लागतो. मग कोट उलटा करायचा, आतली शिवण उसवायची, तिथल्या दडलेल्या कापडातून बोटभर धागे उपसायचे, एकेक धागा सुईच्या फासात अडकवायचा आणि भोकावर वीण धरत ओढायचा. बोटभर धागा सुईच्या नाकात ओवत बसलं तर जन्म जाईल, म्हणून हा फास. दिवसाला दहा-बारा फास झिजून तुटतात. म्हणून बारा सुया.

त्या ओवायची त्यांची बायको. रोज सकाळी, खिडकीत उभी राहून, एकही चुकवायची नाही. काकांच्या नजरेला चाळिशी लागली म्हणून नव्हे. नजर शाबूत होती तेव्हापासून, गेली तेवीस वर्षं. त्याआधी काका आपल्या सुया आपणच ओवत.

त्या धुक्याच्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं ते लेखकसाहेब. ते नाटकं लिहायचे. पलीकडच्या गल्लीत छापखान्याच्या वर राहायचे, तीन वर्षांपूर्वी स्वेटर घेऊन आले आणि स्टुलाला चिकटले. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, आपला चहा आपण आणणारा, आणि ऐकून घ्यावं तर यांनीच. समोरचा बोलायचा थांबला की हेही थांबत, आणि त्या थांबण्यात अशी काही जागा असे की माणूस आपसूक पुढचं बोलून जाई.

आज त्यांनी सिगारेटीने भोक पाडलेला करडा कोट काकांच्या मांडीवर टाकला आणि वर दोन पास ठेवले. नाटक लागलं होतं. तीन प्रयोग झाले, तिन्ही भरलेले.

"काका, रविवारी दुपारचा प्रयोग आहे. जोडीने यायचं. तुम्ही नाही आलात तर मला वाईट वाटेल," ते म्हणाले, आणि उठताना पायरीला डोकं आपटून, हसत, कपाळ चोळत निघून गेले.

जोडीने जाणं झालं नाही. थंडीने बायकोचे गुडघे धरले होते. एवढ्या पायऱ्या कोण चढणार, तुम्ही जा आणि मला येऊन सांगा, असं म्हणाली. काका एकटेच गेले. धुतलेला सदरा घालून, शेजारची खुर्ची मोकळी ठेवून बसले.

नाटक एका शिंप्याचं होतं. पहिली पाच-दहा मिनिटं काका शिंप्याची कात्री धरायची पद्धत बघत होते, चुकीची होती. मग शिंप्याच्या बायकोने पोरीला शेजारी ठेवलं, भाताचं पातेलं झाकलं आणि चपला घालून निघून गेली. काकांची नजर कात्रीवरून उठली.

पुढे सगळं ओळीने येत गेलं. शिंपी पोरीची वेणी घालतो आणि ती वाकडी येते. पोरगी विचारते, आई कुठाय, आणि शिंपी सांगतो, मावशीकडे, मावशी आजारी आहे. अकरा दिवस. बाराव्या संध्याकाळी बायको दारात उभी राहते. शिंपी कामातून मान वर करतो, तिच्याकडे बघतो, आणि म्हणतो, "दार लोटून घे. वारं येतंय."

थिएटर असं हसलं की काकांच्या पुढच्या रांगेतल्या एका बाईला ठसका लागला.

हे काकांचं वाक्य होतं. तेवीस वर्षांपूर्वी, अशाच थंडीत, बायको अकरा दिवस न सांगता गेली आणि बाराव्या संध्याकाळी परत आली, तेव्हा त्यांच्या तोंडून तेवढंच निघालं होतं. अकरा दिवसांत त्यांनी काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्याची यादी केली तर वही भरली असती. पण ती दारात उभी राहिली, अंगात कुणाचा तरी मोठा जुना स्वेटर, हात कोपरापर्यंत लालभडक, आणि मागून गार वारं आत येत होतं. पोरगी आत झोपली होती. तर ते म्हणाले, दार लोटून घे. तिने दार लोटलं. मग ती जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुणी न सांगता खिडकीत जाऊन उभी राहिली आणि तिने बारा सुया ओवून दिल्या. त्यावर पुढे दोन वर्षं बोलणं म्हणून झालं नाही.

तिसऱ्या वर्षी मटार सोलता सोलता तीच एकदा म्हणाली होती. पुढच्या जंक्शनला मोठं इस्पितळ होतं, तिथल्या धुलाईघरात मी चादरी धूत होते. रात्री स्टेशनात बायकांच्या खोलीत झोपायचे. मला काही झालं नव्हतं. नुसतं जावंसं वाटलं, मग यावंसं वाटलं. काकांनी मान हलवली आणि सालं गोळा केली. एवढीच काय ती गोष्ट.

स्टेजवर मात्र एक माणूस होता. चौकडीचा मफलर घातलेला, शीळ घालणारा, पायांत चकचकीत बूट. शिंप्याची बायको अकरा दिवस त्याच्याबरोबर असते. दुसऱ्या अंकात दोघं एका खोलीत दिसतात, तो तिला मफलर गुंडाळतो आणि ती हसते.

शेवटच्या दृश्यात शिंप्याची बायको खिडकीत उभी राहून बारा सुया ओवते आणि पडदा पडतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. काहींचे डोळे ओले होते. काकांनाही उभं राहावं लागलं, नाहीतर लोकांच्या नजरेत भरलं असतं.

घरी बायकोने विचारलं, कसं होतं. बरं होतं, म्हणाले. कशावर होतं, तर शिंप्यावर. ती म्हणाली, शिंप्यावर काय नाटक करायचं, माप घेतो आणि वेळेवर देत नाही, संपलं नाटक. आणि आपल्याच बोलण्यावर हसली. काका हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे तो मफलर होता.

लेखकाला त्यांनी हे सांगितलं होतं, दोन वर्षांपूर्वी, एका दुपारी दिवे गेले असताना. हात रिकामे होते आणि लेखक शेजारी गप्प बसले होते. का सांगितलं, हे काका आता रोज स्वतःला विचारू लागले. उत्तर माहीत होतं, फक्त ते तोंडावर आणायला लाज वाटत होती. रफू म्हणजे दिसू नये असं काम. उत्तम झालं तर कुणाला पत्ताच लागत नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने आयुष्यात एक मोठं काम नीट केलेलं असावं, आणि त्याचा कुणालाच पत्ता नसावा, हे कुठेतरी सलत होतं. एका माणसाला तरी दाखवावं असं वाटलं. शाबासकी हवी होती, दुसरं काही नाही. ती मिळाली, भरल्या थिएटरात.

आठवड्यात रस्त्यावर कुजबुज सुरू झाली. लेखकाने रफूवाल्याचा शिंपी केला होता, नाव बदललं होतं, गाव बदललं होतं. पण सुया तशाच ठेवल्या. शिंप्याकडे मशीन असतं. त्याला बारा ओवलेल्या सुया कशाला? हे नाट्यगृहात कुणाला खटकलं नाही. या रस्त्यावर मात्र जो कोणी काकांच्या स्टुलावर एकदा बसला होता त्याने ती गादी पाहिली होती. इस्त्रीवाला नाटक बघून आला आणि दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या तोंडाशी येऊन म्हणाला, "काका, दार लोटून घेऊ का? वारं येतंय." दुकानाला दारच नव्हतं. शेजारचे दोघं पोट धरून हसले. काकांनीही दात दाखवले. दाखवले नसते तर कबूल केल्यासारखं झालं असतं.

मग ते वाक्य रस्त्याचंच झालं. कुणी उशिरा आला, कुणाचं भांडण झालं, कुणाची बायको माहेरी गेली की दार लोटून घे. पाठीमागून मफलरवाल्याची चौकशीही व्हायची. कोण असेल हो तो? पोस्टातला का?

लेखक कोट न्यायला आले तेव्हा तो तसाच पडलेला होता. काकांनी त्यांना बसा म्हटलं नाही, पण ते बसलेच. काकांनी मान खाली ठेवूनच सांगितलं की त्या माणसाला काढा.

लेखकांनी नीट ऐकून घेतलं. मग समजावू लागले. शिंपी म्हणजे काका नव्हेत. जाहिरातीतसुद्धा छापलंय, पात्रं काल्पनिक आहेत म्हणून. आणि लोक तुम्हाला हसत नाहीत काका, रडतात तुमच्यासाठी, मी स्वतः मागे उभं राहून बघतो. मी तुम्हाला मोठं केलंय. त्यांचा आवाज खरा होता, हीच अडचण होती.

"मला मोठं केलंत," काका म्हणाले. "तिचं काय? ती कुणाबरोबर गेली नव्हती. चादरी धूत होती."

"काका, बाई घर सोडून जाते आणि अकरा दिवस चादरी धुते. हे स्टेजवर कोण खरं मानणार? माणूस घातल्याशिवाय नाटक उभंच राहत नाही."

"खरं होतं तरी?"

"खरं होतं म्हणूनच."

काकांनी हातातली सुई गादीत परत खोचली. मग लेखकच म्हणाले, ओशाळं हसून, की काका, तुम्ही तरी दुसरं काय करता? त्याच कोटाच्या आतला धागा काढता आणि वर लावता. मीही तेच केलं.

"मी गिऱ्हाइकाला विचारून शिवण उसवतो," काका म्हणाले. "आणि ज्या कोटाचा धागा काढतो त्याच कोटाला लावतो. तुम्ही आमचा काढलात आणि दुसरीकडे लावलात. आमच्या इथे भोक तसंच आहे."

लेखकांचा चेहरा पडला. त्यांनी पायरीखाली मान वाकवली. अखेर म्हणाले, ठीक आहे. तुम्हाला ओळखतात ते सुयांवरून ना? सुया काढतो. शेवट नवा लिहितो. शिंप्याला मशीनवर बसवतो, मग तुमचं नावही कुणी घेणार नाही. काकांनी विचारलं, आणि तो माणूस? लेखकांनी हात जोडले आणि उठताना या वेळी वाकून उठले.

काकांना तेवढ्यात हायसं वाटलं, हेही खरं. सुया तरी सुटल्या.

घरी कळलं ते मुलीकडून. ती लग्न होऊन तासाभराच्या अंतरावर राहायची. तिने पहिल्याच आठवड्यातला प्रयोग पाहिला होता, सासूबरोबर. पंधरा दिवस गुळणी धरून बसली आणि मग एका दुपारी आईला फोन केला. वाकड्या वेणीवरून तिने ओळखलं होतं. शाळेत बाईंनी त्या वेणीवरून विचारलेलं तिला अजून आठवत होतं. ती आईला रागावली नाही. फक्त म्हणाली, "आई, तू मावशीकडेच होतीस ना?"

काका संध्याकाळी घरी आले तेव्हा बायको भाजी निवडत होती. फोनचं तिने सांगितलं, मुलीने सांगितलेल्या सुयांचंही. मग विचारलं, तुम्ही त्या लेखकाला सांगितलंत? काकांनी हो म्हटलं. ती निवडत राहिली. भाजीतली किडकी पानं एकीकडे, चांगली एकीकडे. शेवटी एवढंच म्हणाली की रविवारी मी जाणार आहे. गुडघे दुखतात, असं काकांनी म्हटल्यावर तिने वर पाहिलं. त्या नजरेपुढे गुडघ्यांचा विषय संपला.

रविवारी दुपारी ती एकटी गेली. काका घरी बसले. सांज व्हायला लागली. जिन्यावर पाऊल वाजलं की ते मान वर करत. पाचव्यांदा तिचंच होतं, एकेक पायरी थांबत थांबत.

ती आत आली आणि उंबऱ्यापाशी उभी राहिली. दार मागे उघडंच. बाहेरचं धुकं आणि गार वारं सरळ आत आलं, टेबलावरचा कागद उडाला. काकांच्या ओठांवर वाक्य आलं. रोजचंच वाक्य होतं. तेवीस वर्षांत हजार वेळा म्हटलं असेल. दूधवाला गेल्यावर, पोरगी शाळेतून आल्यावर, कुणी पाहुणा आल्यावर. पण ते आता तोंडातून निघेना. निघालं असतं तर त्याच्या मागे अख्खं थिएटर हसलं असतं.

ती वाट बघत होती. काकांना ते कळत होतं. ते उठले, तिच्या बाजूने गेले आणि त्यांनी स्वतःच दार लोटलं.

ती खुर्चीत बसली, चपला न काढता.

"सगळे म्हणत होते त्यात सुया आहेत," ती म्हणाली. "मी तेवढ्यासाठी गेले. म्हटलं, बाकी काहीही असू दे, तेवढं तरी आपलं असेल. सुया नव्हत्या."

काकांनी खाली पाहिलं. "मीच काढायला लावल्या. लोक ओळखत होते म्हणून."

"असं होय. आता शेवटी ती त्याच्या गुडघ्यांत डोकं खुपसून रडते. माफी मागते. किती तरी वेळ."

हे काकांना माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, ते उचलले आणि कुठे ठेवावेत ते सुचेना.

"तो माणूस तुम्ही सांगितलात?"

"नाही. त्याने घातला. त्याच्याशिवाय नाटक उभं राहत नाही म्हणे."

"ते त्याचं झालं." तिचा आवाज चढला नव्हता. "मी तुमचं विचारते. नाटक बघितल्यापासून तो तुमच्या डोक्यात आहे का?"

काकांना ताबडतोब नाही म्हणायचं होतं. नाही हेच उत्तर होतं, तिच्यावर त्यांचा विश्वास होता, कोपरापर्यंत लाल झालेले हात त्यांनी स्वतः पाहिले होते. पण त्या रविवारपासून ते हात आठवले की मागे चौकडीचा मफलर दिसत होता, आणि तिच्या अंगातला तो मोठा जुना स्वेटर कुणाचा होता हा प्रश्न, जो तेवीस वर्षांत कधी पडला नव्हता, तोही आता पडत होता. तेवढा विचार त्यांच्या मनातून गेला आणि मग ते म्हणाले, "नाही गं."

तेवढा वेळ तिने मोजला असावा.

"धुलाईत एक म्हातारी होती," ती म्हणाली. "तिचा स्वेटर होता. तुम्ही त्या दिवशी विचारलं असतंत तर सांगितलं असतं. न विचारण्याचंच मला एवढं वाटलं होतं. मोठा माणूस आहे, असं वाटलं होतं."

मग ती उठली, चपला काढल्या, आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचे आवाज आले, रोजच्यासारखेच. जेवण झालं. मुलीला फोन कोण करणार यावर बोलणं निघालं, तर ती म्हणाली, मी करीन, मला खरं सांगायचंय, ती मानते का बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं जरा विरळ होतं. गादी टेबलावर ठेवलेली होती. एरवी ती हातात द्यायची. काकांनी मोजल्या, बारा होत्या, बाराही ओवलेल्या. बायको खिडकीत पाठमोरी उभी होती आणि रस्त्याकडे बघत होती. येतो, असं ते म्हणाले. ती हं म्हणाली. बाहेर पडताना त्यांनी दार आपणच लोटलं, कडी वाजणार नाही असं.

दुकानात चहा आला. इस्त्रीवाला समोरून गेला, काही बोलला नाही, नुसती शीळ घातली. काकांनी पेल्याभोवती हात शेकले, चष्मा पुसला. कपड्यांच्या ढिगात वरच पडलेला होता तो लेखकांचा करडा कोट. त्यांनी तो थोडा वेळ मांडीवर तसाच ठेवला. मग उलटा केला, आतल्या शिवणीचे चार टाके ब्लेडच्या टोकाने उसवले, तिथून बोटभर लांबीचा एक धागा अलगद उपसला, आणि पहिल्या सुईच्या फासात अडकवला.